कॅप्सूल, नुसत्या पाण्याबरोबर

बाईमाणसाला आमच्याकडे कुणी पावणं म्हणत नाही. अनोळखी पुरुष दिसला की तो पावणं, म्हणजे पाहुणा. एस.टी.त सरकून बसायला सांगायचं असो की रस्त्यात वाट अडवून उभं राहिलेल्याला बाजूला करायचं असो, ‘ओ पावणं’ म्हटलं की काम होतं. बायकांना वयाप्रमाणे ताई, वैनी, मावशी. पण आमच्या घरी एक माणूस असा होता, की जो स्वतःच्या लग्नाच्या बायकोला पावणं म्हणायचा. ती बायको मी.

त्याला कारणही मीच. मी कोल्हापूर शहरात वाढलेली, मास्तरांची मुलगी, आणि पडले राधानगरीकडच्या शेतकरी घरात. पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा बाहेरच्या सोप्यात घोंगड्यावर अंग चोरून बसले. कुणी चहा दिला तर ‘नको नको’, कुणी पाणी दिलं तर ‘कशाला उगीच’. आमच्या ह्यांनी आतून ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘पावणं, लाजू नगासा. आपलंच घर समजा की.’ सासूबाई हसल्या, धाकटे दीर हसले, दारातली म्हातारी शेजारीणसुद्धा हसली. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आम्ही राहायचो कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांत. ते एका कारखान्यात लेथवर होते, इंजिनाचे सुटे भाग कातायचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. संध्याकाळी कामावरून येऊन ते उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. हात तेलानं काळे, केसांत लोखंडाचा बारीक कीस. तिथून विचारायचे, ‘पावणं हायत का घरात?’

‘पावणं गावाला गेलेत,’ मी आतून सांगायची.

‘मग आता च्या कुणाकडनं मिळायचा?’

‘शेजारी बघा.’

रोज हेच. एखाद्या दिवशी मी वह्या तपासत असले आणि उत्तर द्यायला वेळ लागला, तर ते तसेच बाहेर उभे राहायचे, वाटेनं जाणाऱ्यांना सांगत, ‘घरात कोण न्हाय वाटतं ओ.’ तो काळ नावं न घेण्याचा. बायको तर नवऱ्याचं नाव घेतच नसे, आणि नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारली तर गल्ली वळून बघायची. सगळ्या जगाच्या बायकांना ‘अगं’ होतं. मला माझ्या एकटीचं ‘पावणं’ होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता.

शनिवारी ते मला सायकलवर पुढं बसवून दूध प्यायला न्यायचे. कोल्हापूरकराला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि तो कोमट, फेसाळ पेला तसाच तुमच्या हातात देतात. धारोष्ण दूध. आमच्या गावात पैलवान ते पितो ताकदीसाठी, बाळंतीण पिते अंगावर दूध यावं म्हणून, विद्यार्थी पितो परीक्षेसाठी आणि उरलेले सगळे पितात कारण काल प्यायले होते म्हणून. दुधानं बरा होत नाही असा आजार आमच्या सासूबाईंना ठाऊक नव्हता. हे पेला एका दमात संपवायचे आणि ओठावर पांढरी मिशी तशीच ठेवून माझ्याकडे गंभीरपणे बघत राहायचे, मी हसेपर्यंत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. दिवाळीनंतर ते भाताच्या कापणीला गावी गेले आणि आले ते डोकं धरून. पाठोपाठ ताप. कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सासूबाई मुलाबरोबरच आल्या होत्या, त्या उशाशी बसून कपाळावर पाण्याची पट्टी बदलत होत्या. मी शाळेतून आले, पर्स खुंटीला अडकवली आणि पलंगाजवळ गेले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पावणं, कवा आलायसा?’

‘बगा, तापात बी चेष्टा सुचतीया ह्येला,’ सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मलाही बरं वाटलं. मी नेहमीच्या सुरात म्हणाले, ‘आत्ताच आले. चहा मिळेल का?’

ते थोडे ओशाळले. ‘घरात बाईमाणूस न्हाय ओ. बसा, आई यील एवढ्यात.’

त्यावरही आम्ही दोघी हसलो. आई तर उशालाच बसली होती. दीर आले, त्यांनाही आम्ही ते हसत हसत सांगितलं. दुसऱ्या कुठल्या गावात नवऱ्यानं बायकोला ओळखलं नसतं तर लोक उठून डॉक्टरकडे पळाले असते. आमच्याकडे ओळख असून न दाखवणं ही मायेची रीत, म्हणून आम्हाला वाटलं, माणूस चेष्टा करतोय म्हणजे ताप उतरतोय. दिवेलागणीला त्यांना पहिला झटका आला. हातपाय ताठले, दातखिळी बसली आणि डोळे वर गेले. दीर रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यातले डॉक्टर पन्नाशीचे होते, किडकिडीत, कागलकडचे. बोलणं इतकं सावकाश की माझ्यासारख्या उतावळ्या बाईला वाक्य संपेपर्यंत दम निघत नसे. त्यांनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि सांगितलं, मेंदूज्वर आहे, विषाणूचा. ‘ह्या विषाणूला मारणारं औषध आपल्याकडं नाही, बाई. ताप आणि झटके आवरायचं काम आम्ही करतो. बाकीचं त्यांच्या अंगानंच करायचं आहे.’ माझं शिक्षण, माझी नोकरी, माझी तरतरीत जीभ, काही कामाचं राहिलं नाही. मी खोलीबाहेरच्या बाकावर बसले आणि देवाधर्माचं विशेष वेड नसलेली मी जोतिबाचं नाव घेत राहिले.

ते वाचले. जेव्हा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी आईला ओळखलं, भावाला ओळखलं. गावाकडच्या बैलांची चौकशी केली. कारखान्यातल्या मुकादमाला नावानिशी ओळखलं आणि लेथचा पट्टा बदलला का ते विचारलं. मग माझ्याकडे वळले.

‘पावणं, तुमी कुणाकडं आलायसा?’

ह्या वेळी कुणी हसलं नाही. त्यांचे डोळे मला अजून दिसतात. त्यात लबाडी नव्हती, राग नव्हता, आजारी माणसाकडे भेटायला आलेल्या परक्या बाईबद्दल जेवढा आदर असावा तेवढा होता.

घरी आणल्यावर कळलं की ताप जाताना बरंच काही घेऊन गेला होता. उजवा हात सतत थरथरायचा; पेला तोंडापर्यंत नेईतो अर्धा सांडायचा. दिवसा झोप, आणि जागे झाले की बारीकसारीक गोष्टीवरून संताप. हा माणूस कधी चिडला तर मुद्दाम चिडल्यासारखा करायचा, तो आता भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून द्यायला लागला. लग्नाच्या आधीपर्यंतचं सगळं जागेवर होतं. लग्नापासूनचं पुसलं गेलं होतं. माझ्यादेखत ते सदरा बदलत नसत. एकदा मी चुलीपाशी होते, तर मला ऐकू येणार नाही अशा बेतानं त्यांनी सासूबाईंना विचारलं, ‘आई, ती बाई किती दिस ऱ्हाणार हाय?’

सासूबाई म्हणाल्या, ‘आरं, ती तुजी बायकू हाय.’

‘व्हय?’ ते म्हणाले आणि पांघरूण वर ओढून घेतलं. नको तो प्रश्न विचारल्याची लाज त्यांना वाटली असावी. मी भाकरी करपू दिली.

मला एकाच गोष्टीचा आधार होता. बाईमाणसाला पावणं म्हणणारा सगळ्या कोल्हापुरात एकच माणूस होता आणि हा अजून मला पावणंच म्हणत होता. शेजारची बाई आली तर तिला वैनी. नर्सला ताई. परक्या बाईला काय म्हणायचं हे त्यांना नीट कळत होतं. फक्त माझ्याशी बोलताना जीभ त्या जुन्या वाटेनं जायची. का जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मला होतं. मी आत कुठंतरी होतेच. आता कुणी हसेल, पण त्या एका शब्दावर मी हिवाळा काढला.

डॉक्टरांकडे दाखवायला नेलं तेव्हा ह्यांना सासूबाईंजवळ बाहेर बसवून मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘एक विचार माझ्या डोक्यातनं जात नाही. तुम्हाला सांगतो, पण घाई करू नका.’

काही वर्षांपूर्वी असाच ताप येऊन गेलेली एक मुलगी त्यांच्याकडे होती. तिचे हात असेच थरथरत. पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या, त्या पिकल्या, म्हणून त्यांनी तिला टेट्रासायक्लिन दिलं. हे औषध तेव्हा गळवांना, डोळ्यांतल्या खुपऱ्यांना, तरण्या पोरांच्या मुरमांना सर्रास देत. जखमा भरल्या, आणि त्याबरोबर थरथरही कमी झाली. ‘योगायोग असेल. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. पण मला असं वाटतं बघा. समजा, गल्लीत चोर शिरला. लोक काठ्या घेऊन धावले. चोर पळून गेला, पण लोक अजून थांबायला तयार नाहीत, आपल्याच घरांची कवाडं फोडतायत. तुमच्या यजमानांच्या डोक्यात आता विषाणू नाही, पण ती धावाधाव चालू आहे. जंतू मारण्याखेरीज ह्या औषधात त्या लोकांना खाली बसवायचा काही गुण असावा अशी मला शंका आहे. कुठल्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तरी बाकीचे उपचार मी करीनच.’

मी विचारलं, ‘अपाय?’

‘पोट बिघडेल, उन्हाचा त्रास होईल. ते मी बघेन. पण प्रत्येक तापाला हेच घ्यायचं असं कुणाला सांगत सुटू नका. विषाणूला हे औषध हातसुद्धा लावत नाही.’

मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणायला माझ्याजवळ होतंच काय? निघताना त्यांनी बजावलं, कॅप्सूल नुसत्या पाण्याबरोबर द्यायची, जेवणाआधी, पोट रिकामं असताना. घरी येऊन मी तेच शब्द सासूबाईंना सांगितले, कारण दिवसा मी शाळेत. त्यांनी मान डोलवली.

तांबडी-पिवळी कॅप्सूल बघून दीर म्हणाले, ‘वैनी, ही तर माज्या मुरमांला दिलती. आजार म्हशीला आन इंजेक्शन पखालीला असं झालं की.’ मला हसू आलं नाही. औषधाच्या दुकानदारानंही चिठ्ठी दोनदा वाचली आणि पेशंटचं वय विचारलं.

आठवड्यामागून आठवडे गेले. थरथर तशीच, झोप तशीच. मी शाळेतून परत येताना कोपऱ्यावर पोचले की चाल मंद व्हायची. उंबऱ्याशी उभी राहून कानोसा घ्यायची. पूर्वी दाराबाहेर ते उभे असत आणि आत मी असे; आता बाहेर मी उभी होते, आणि आत जो माणूस बसला होता त्याला माझ्या येण्याचं काही नव्हतं. मला माझा नवरा हवा होता. तो पलंगावर समोर बसलेला असताना मला त्याची आठवण यायची, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ‘कुंकू वाचलं हे काय थोडं झालं?’ असंच सगळे म्हणाले असते. म्हणालेही.

शेवटी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि चष्मा काढला. ‘माझा अंदाज चुकला म्हणायचा. थांबवू या औषध.’

सासूबाईंना तो आपल्या सेवेवर ठपका वाटला. त्या पुढं सरसावल्या. ‘आवशिद चुकीवलं न्हाय ओ डाक्टर एक दिस बी. गवळ्याकडनं दोन्ही टायमाला ताजी धार आनायची आन त्या दुधासंगं गोळी. पेला भरून.’

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. ‘दुधाबरोबर?’

‘मग? एवढं गरम आवशिद रित्या पोटी, नुसत्या पान्यासंगं? जळंल की त्येचं आतडं. सूनबाईला काय कळतंय, ती शाळंत जाती.’

मी डोक्याला हात लावला. डॉक्टरांनी मात्र आवाज चढवला नाही. आपल्या खुर्चीवरून उठून ते सासूबाईंच्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. ‘मावशी, दूध लई चांगलं. मी बी पितो. पण ह्या एका औषधाचं आणि दुधाचं वाकडं आहे. दूध ह्याला पोटातच मिठी मारून धरतं, रक्तात जाऊच देत नाही. तुम्ही एवढ्या मायेनं दिलंत, आणि ते सगळं तसंच बाहेर गेलं.’

‘दुधानं कुनाचं वाईट झालंय व्हय कदी?’ सासूबाईंनी विचारलं. जन्मभर म्हशी पाळून त्या दुधावर त्यांनी पोरं वाढवली होती. तुमचा देव खोटा आहे असं कुणी म्हटलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं.

‘वाईट काही झालेलं नाही. फक्त सुरुवात आत्तापासून धरायची,’ डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी घरी येऊन सासूबाईंनी दुधाचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, ‘त्येचा हात थांबंपतोर मी बी कोरा च्या पिणार.’ आणि प्यायल्या. ज्या बाईला दुधावरची साय बोटानं चाटल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नसे, ती तोंड वेडंवाकडं करत काळा चहा प्यायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्या तर कॅप्सूलबरोबरच्या पाण्यातसुद्धा बोट घालून बघायच्या. कुणी भेटायला आलं आणि त्यानं पेढे आणले की पुडा आधी त्यांच्या ताब्यात.

आणि मग फरक पडायला लागला. हे मी जपून लिहिते आहे. आधी दिवसाची झोप हटली. मग चिडणं ओसरलं. भाजी अळणी झाली तर ते उठून स्वतः मीठ घेऊ लागले. हाताची थरथर कमी होत गेली ती कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी हळू, आणि एक दिवस ते पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला तेव्हा जमीन कोरडी होती. सासूबाईंनी त्या जागेवरून हात फिरवून बघितलं. नंतर त्यांनी दुधाचा चहा केला, आम्हा सगळ्यांसाठी, आणि ह्यांना मात्र कोराच दिला.

पावसाळ्याच्या तोंडाला ते कारखान्यात परत गेले. मुकादमानं पहिल्यांदा हलकं काम दिलं, मग लेथ दिला. संध्याकाळी ते आले, चपला काढल्या, सरळ आत आले आणि म्हणाले, ‘अगं, च्या टाक.’

सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. शेजारच्या बायका आल्या, म्हणाल्या, आता कसं घरातला माणूस बोलल्यासारखं वाटतंय. मी चहा टाकला. चहा उकळून वर आला तरी मला कळलं नाही. चार दिवस मी वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी न राहवून विचारलं, ‘पावणं म्हणायचं सोडलं का?’

ते संकोचले. ‘चुकलंच ते माझं. बाईमाणसाला पावणं म्हणत न्हाईत. डोस्कं ठिकाणावर नव्हतं तवा माझं.’

त्यांचं डोकं ठिकाणावर आलं होतं. इतकं, की त्यात उरलेली शेवटची चूकही त्यांनी दुरुस्त करून टाकली होती, आणि ती चूक म्हणजे मी होते. ज्या औषधावर मी भरवसा ठेवला त्यानंच माझा शब्द पुसला, असं काहीतरी त्या क्षणी मनात आलं. ते खरं नव्हतं आणि न्यायाचंही नव्हतं, पण आलं.

डॉक्टरांना मी विचारलं, औषधानं गुण आला का. ते म्हणाले, ‘थोडं औषधानं, थोडं काळानं. कुणाचं किती, हे सांगता आलं असतं तर मी मोठा माणूस झालो असतो. अशा शंभर पेशंटांवर, अर्ध्यांना देऊन आणि अर्ध्यांना न देता बघायला पाहिजे. मी एकटा, ते कुठून करू?’ मग ह्यांना विचारलं, ‘बायकोला ओळखता ना आता?’ हे प्रामाणिक माणूस. म्हणाले, ‘ही माझी बायको हाय हे कळलंय मला. लगीन आठवत न्हाय.’ ती वर्षं परत यायची नाहीत हे डॉक्टरांनी मला नंतर वेगळं सांगितलं. आता माझी नात औषधशास्त्र शिकते. ती म्हणते, टेट्रासायक्लिनसारख्या काही जुन्या प्रतिजैविकांत सूज शमवायचा गुण असतो आणि तसा उपयोग होतो का ते लोक तपासतायत. ऐकून मला त्या सावकाश बोलणाऱ्या माणसाची आठवण झाली. हे ऐकायला ते असायला हवे होते.

आमचा संसार झाला. चांगला झाला. हे नवे यजमान शांत होते, पगार हातात आणून द्यायचे, मुलीच्या वेण्या घालायचे, माझ्या वह्यांचे गठ्ठे शाळेपर्यंत पोचवायचे. गल्लीतल्या बायका मला भाग्यवान म्हणत आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. चेष्टा तेवढी राहिली नाही. मी एखादा टोमणा मारला की ते खरंच उत्तर द्यायचे. शनिवारी आम्ही दूध प्यायला जायचो तेव्हा पेला खाली ठेवायच्या आधी ते रुमालानं ओठ पुसून घ्यायचे. मी दुसरीकडे बघायची. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी रडतं का? पण मी घरी येऊन न्हाणीत रडलेली आहे.

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हाचा एक रविवार. गावाहून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आलं होतं. मुलगी शेजारी खेळायला गेलेली, आणि आम्ही दोघं दारात पोतं मध्ये घेऊन शेंगा फोडत बसलो होतो. त्यांच्या उजव्या हातानं टरफलं चटाचटा फुटत होती. खाली बघतच त्यांनी विचारलं, ‘ताप यायच्या आदी मी कसा हुतो ग?’

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ‘चांगले होता.’

‘तसं न्हवं. सगळे तसंच सांगत्यात. कारखान्यात एकजण म्हणाला, लई हसवायचास तू आमाला. मी त्येच्याकडं बगतच बसलो. मला त्यातलं काय बी ठावं न्हाय.’ त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. ‘तुला त्यो लई आवडायचा न्हवं?’

‘त्यो’ म्हणाले ते. एखाद्या लांबच्या भाऊबंदाबद्दल विचारावं तसं. इतर कुणी विचारलं असतं तर मी तोडून टाकलं असतं, माझी जीभ तेवढी तिखट आहे. पण ह्या माणसापुढं मला खोटं बोलता आलं नाही.

‘हो,’ मी म्हणाले. ‘फार.’

‘मग माझ्यासंगं दिस काढताना तुला जड गेलं आसंल.’

‘गेलं,’ मी म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. ‘अजून जातं कधी कधी.’

त्यांना राग आला नाही. त्यांनी मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. पोत्यातून आणखी ओंजळभर शेंगा काढल्या. मग ते म्हणाले, ‘मला बी भेटाय पायजे हुता त्यो. एकदा तरी.’

मला तोवर वाटत होतं की त्या माणसाची वाट बघणारी मी एकटीच आहे. माझ्याशेजारी बसून इतकी वर्षं तेही बघत होते, आणि त्यांच्याजवळ तर आठवायलासुद्धा काही नव्हतं. मी पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागले, मनात येईल तसं, पुढचं मागं. ते मधूनच ‘खरं?’ म्हणायचे आणि एकदा मोठ्यानं हसले. पोतं रिकामं झालं तरी आम्ही उठलो नाही.